डब्यातली सही

बिस्किटांचा तसला निळा गोल डबा आमच्या घरीही होता. त्यात बिस्किटं कधीच नसायची. सुया, रिळं, बटणं, आईच्या ब्लाउजचे हूक असायचे. त्यामुळे सांगलीतल्या आमच्या सी.ए.च्या ऑफिसात भाऊंनी टेबलाच्या खणातून तसाच डबा काढून झाकण उघडलं, तेव्हा आत बटणंच असणार असं मला क्षणभर वाटलं. आत डिजिटल सहीची टोकनं होती. चाळीस-पन्नास तरी असतील. निळी, काळी, चंदेरी. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने आडनाव आणि आडनावाखाली आकडे. भाऊंनी बोटांनी डबा खळखळवला, माझं टोकन उचललं, कॉम्प्युटरच्या मागे हात घालून खोचलं, आधीच वाचून ठेवलेले पट्टीवरचे आकडे दाबले. माझ्या हातात चहाचा कप होता. ‘ताई, झालं,’ ते म्हणाले. पडद्यावर माझं नाव उमटलं होतं, खाली तारीख, तारखेपुढे वेळ : ११ वाजून ४२ मिनिटं. ११ वाजून ४२ मिनिटांनी मी सही केली होती, आणि त्या वेळी माझी दहाही बोटं गरम कपाभोवती होती.

पुण्याला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी त्या बोटांकडे बघत राहिले. दादाची विट्याला यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारी लहानशी कंपनी आहे. प्रायव्हेट लिमिटेडला निदान दोन संचालक लागतात, म्हणून दुसरं नाव माझं. कारखान्यातलं मला काही कळत नाही. वर्षातून एक-दोनदा दादा बोलावतो, मी जाते, आईला भेटते, परत येते. दोन वर्षांपूर्वी फोनच्या कॅमेऱ्यासमोर पॅनकार्ड धरून मी स्वतःचं नाव सांगितलं होतं, एक ओटीपी दिला होता, एवढंच आठवत होतं. त्यातून जे टोकन तयार झालं ते कुरियरने परस्पर ऑफिसात गेलं आणि डब्यात पडलं. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. भाऊ आमच्याकडे वडील असल्यापासून येतात. दादाच्या लग्नात जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरले होते. माझ्या नावाने त्यांनी काही भलतंसलतं केलं असेल अशी शंका मला तेव्हा आली नाही आणि आजही येत नाही. तरीही इस्लामपूर गेलं, कराड गेलं, साताऱ्याला गाडी थांबली, लोक उतरून वडापाव खाऊन आले, आणि मी जागची हलले नाही.

माझी सही दोन वर्षं माझ्याकडे नव्हती आणि मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

ते टोकन दिसायला पेनड्राइव्हसारखं असलं तरी त्याचं काम वेगळं. सहीची खाजगी किल्ली त्याच्या पोटातच तयार होते आणि तिथून बाहेर पडत नाही. कागदाचा गोषवारा आत जातो, सही होऊन बाहेर येते. म्हणजे टोकन आणि पिन ज्याच्या हातात, तो त्या क्षणापुरता मी. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला हाताच्या सहीच्या बरोबरीने बसवलं, आणि त्याच कायद्याच्या ४२व्या कलमाने सांगितलं की खाजगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी ज्याची त्याने घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब कळवायचं. कलम वाचलं त्या रात्री मला भाऊंचा चेहरा दिसत होता. कायद्याला जिलबीचं ताट माहीत नसतं.

खुपण्याचं खरं कारण वेगळं होतं. मी अजाण नव्हते. २०२१च्या उन्हाळ्यापासून मी मेल कुलूपबंद करून पाठवते, प्रत्येक मेलवर सही करते, त्यासाठी रात्री जागून शिकले आहे. आणि तीच मी, एवढी मोठी किल्ली पट्टीवर पिन लिहून खणात ठेवू दिली होती.

ते शिकवणारी माझी शाळेतली मैत्रीण. आम्ही दोघी चौथी-पाचवीत ‘च’ची भाषा इतक्या वेगाने बोलायचो की वर्गातल्या बाकीच्या मुली चिडून उठून जायच्या. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. मला म्हणजे चलाम, खाऊ म्हणजे चऊखा. आमची दुनिया त्या एका अक्षरामागे सुरक्षित होती, ती तिच्या आत्याने एकदा स्वयंपाकघरातून ‘चऊखा चहीना चळणारमि’ असं उत्तर देईपर्यंत. खाऊ नाही मिळणार. आम्ही गोठलोच. पद्धत कळली की सगळ्या गुपितांचं एकदम पाणी. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या डच गृहस्थांनी १८८३ सालीच हे लिहून ठेवलं होतं : पद्धत शत्रूला कळली तरी चालेल अशी असावी, गुपित फक्त किल्लीत असावं. आमच्या भाषेला किल्लीच नव्हती.

मैत्रीण आता ड्युसेलडॉर्फला असते. त्या उन्हाळ्यात तिची आई इथे पुण्यात आजारी होती आणि तिला येता येत नव्हतं. काकूंची कामं मी करत होते : हॉस्पिटलचे कागद, विम्याचे कागद, बँकेतलं नामनिर्देशन, आणि एक दिवस काकूंनी उशीखालून काढून दिलेलं मृत्युपत्र. ते मी फोनवर फोटो काढून तिला पाठवणार, तेवढ्यात तिचा फोन आला. ‘अगं, असं उघडं नको पाठवूस गं. ते आईचं आहे.’ तिने ‘आईचं’ हा शब्द ज्या आवाजात म्हटला त्यामुळे मी पुढचं सगळं शिकले, नाहीतर शिकले नसते. काकूंचा रक्तदाब, पोटातल्या गाठीचं माप, कुठल्या मुलीला कुठली पाटली, हे कुणा तिऱ्हाइताने वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित काही नाही. पण काकू आयुष्यभर आंघोळीनंतर ओले केस घेऊन कुणासमोर आल्या नव्हत्या.

हे शिकणं सोपं नव्हतं, आणि ते सोपं आहे असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १९९९ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी १२ जणांना, सगळे रोज ईमेल वापरणारे, ९० मिनिटं देऊन एक मेल सही करून आणि कुलूप लावून पाठवायला सांगितला होता. बहुतेकांना तो जमला नाही. काहींनी तर जे लपवायचं तेच उघडं पाठवून दिलं. मी त्यांच्यातलीच. मेलसाठी थंडरबर्ड, त्यात २०२०पासून ही सोय आतच बसवलेली आहे. फायलींसाठी क्लिओपात्रा नावाचा दुसरा प्रोग्रॅम. दोघांची किल्ल्यांची कपाटं वेगवेगळी, म्हणून तीच किल्ली एकीकडे बनवून दुसरीकडे नेऊन ठेवायची. हे कळायलाच माझा एक रविवार गेला. मैत्रिणीने दानपेटीचं उदाहरण दिलं ते मात्र पक्कं बसलं. तुझी जाहीर किल्ली म्हणजे देवळातली दानपेटी; येणारा-जाणारा कुणीही तिच्यात टाकू शकतो, काढायचं फक्त तुला. सही म्हणजे याच्या उलट : शिक्का एकट्या तुझ्याकडे, आणि तो खरा आहे का हे बघायची मुभा साऱ्या गावाला.

तिसऱ्याच दिवशी मी काकूंच्या सगळ्या रिपोर्टांची एक फाईल तिच्यासाठी कुलूपबंद केली, मूळ फाईल खबरदारी म्हणून पुसून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला तेव्हा मला माझीच फाईल उघडेना. ‘माझ्यासाठी’ या चौकोनातली खूण मी काढून टाकली होती. फाईल माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या टेबलावर, मीच लावलेल्या कुलपात, आणि ते उघडायची किल्ली सात हजार किलोमीटरवर झोपलेल्या मैत्रिणीकडे. दानपेटीत पडलेलं टाकणाऱ्यालाही परत मिळत नाही, हे तेव्हा मला खरोखर समजलं. तिने उठल्यावर फाईल उघडली, माझ्या किल्लीने पुन्हा बंद केली आणि परत पाठवली. डॉक्टर थांबले होते. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले होते, आणि त्यात थोडी भीती फाईलची होती, बाकीची कशाची होती ते आम्हा दोघींना माहीत होतं.

परवलीचं वाक्य ठरवताना मी एका अभंगाची ओळ घेतली होती. ती म्हणाली, जे वारीत लाखो लोकांच्या तोंडी असतं ते कुलूप कसं होईल? मग तिने फासे टाकायला लावले. पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांपुढे यादीत जो शब्द असेल तो घ्यायचा. सहाचे पाच वेळा गुणाकार केले की ७,७७६ होतात, तेवढे शब्द त्या यादीत असतात. असे सहा शब्द. मी मुलाच्या लुडोतला फासा घेतला, तीस वेळा टाकला. एकमेकांशी काही नातं नसलेले सहा शब्द हाती आले आणि आठवडाभर भांडी घासताना मी ते घोकत होते. आता ते माझ्या जिभेवर असे बसलेत की झोपेतून उठवलं तरी सांगेन. ते निवडताना मी काहीच निवडलं नव्हतं, म्हणूनच ते पक्के आहेत. निवडायला गेलं की माणूस आपल्या माहेरच्या अंगणातच जातो, आणि ते अंगण सगळ्यांना ठाऊक असतं.

सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ठसा पडताळणं. प्रत्येक किल्लीला चाळीस अक्षरांचा एक ठसा असतो, चार-चारांचे दहा गट, आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. माझ्याकडे आलेली किल्ली खरंच तिचीच, मधे कुणी बदललेली नाही, हे बघायचं तर तिने तिच्याकडचा ठसा वाचायचा आणि मी माझ्याकडचा डोळ्यांनी ताडून बघायचा. तेही मेलवर नाही. जिथे आवाज ओळखू येतो तिथे. फोनवर बी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात. मग ती म्हणू लागली, ‘बी बटाट्याची. नऊ, चार, डी डाळीची. ए एकादशीची. एफ फणसाची.’ तिच्या खिडकीत पहाट होत होती, इथे उकाड्याने पंखा कुईकुई करत होता, पलंगावर काकू पडल्या पडल्या ऐकत होत्या. ‘एफ फणसाची’ आली तेव्हा त्या हसल्या. काय चाललंय गं तुमचं, बाराखडी? त्यांना वाटलं लहानपणीसारखा खेळ चाललाय. दहाव्या गटाला मी ‘बरोबर’ म्हटलं आणि दोघी जरा वेळ काही बोललो नाही. तिचा आवाज मी पस्तीस वर्षं ओळखत होते; त्या दिवशी तो आवाज त्या चाळीस अक्षरांना बांधला गेला.

एरक्राथ नावाचं गाव तिच्या शहराला लागूनच आहे. आम्ही वापरत होतो त्या क्लिओपात्रामागचा जीएनयूपीजी हा कुलपाचा प्रोग्रॅम ज्यांनी १९९७ साली लिहायला घेतला ते वर्नर कोख तिथे राहायचे. जगभरातले पत्रकार, वकील, प्रोग्रॅमर ज्या कुलपावर विसंबून होते ते जवळजवळ एकटा माणूस घरातून सांभाळत होता, आणि २०१५च्या सुरुवातीला त्याचे पैसे संपत आल्याचं छापून आलं तेव्हा कुठे लोकांनी धावून मदत केली. मैत्रीण लोकलने त्या स्टेशनावरून जाते. दर वेळी तिला वाटतं की उतरावं आणि त्या गृहस्थांना आईबद्दल सांगावं. अजून उतरलेली नाही.

थंडरबर्डच्या कुलूपबंद मेलचा विषय बाहेरून दिसत नाही. तिथे नुसती तीन टिंबं असतात. फोनवर मेलपेटी उघडली की एकाखाली एक टिंबं. आत काय आहे ते नाही, पण कुणी कुणाला कधी लिहिलं ते मात्र पाकिटावर असतंच. पोस्टमनला पत्र वाचता आलं नाही तरी कुठल्या घरी किती पत्रं येतात ते माहीत असतं. काकू गेल्या त्या रात्री आमच्यात अकरा मेल झाले. अकरा ओळी टिंबांच्या, पहाटे २ ते ५. ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ते मेल पडून आहेत तिला एवढंच कळेल की दोन बायका त्या रात्री झोपल्या नाहीत. आणि आता त्यातला एखादा मेल शोधायचा म्हटलं तर काही शब्द टाकून सापडत नाही, कारण शोधणाऱ्यालाही आतलं दिसत नाही. मला तारीख आठवून, एकेक मेल उघडून बघावा लागतो. मी ते करते. त्या तारखेपाशी हळू जाते.

बाहेरच्या जगात आपण कुलपाचं काय करतो ते पाहिलं की जीव कासावीस होतो. आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नियम जाहीर आहे, आणि नाव-जन्मसाल कुणाला माहीत नसतं? माझ्या आजोळी दाराला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारच्या कोनाड्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोनाडा माहीत, पण त्या गावात येणारा-जाणाराही माहीत असायचा. फायली झिप करून पासवर्ड लावतात आणि त्याच मेलच्या खालच्या ओळीत पासवर्ड लिहितात. झिपला कुलूप लावलं तरी आतल्या फायलींची नावं बाहेर दिसतात, म्हणजे ‘मृत्युपत्र’ हे नाव कुणीही वाचावं. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या प्रकारात नावंही झाकायची सोय असते, ती खूण तेवढी करावी लागते. आणि एवढं सगळं करून शेवटी कागद छापायचा असतो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅप करा ना ताई, लगेच काढून देतो. त्याच्या कॉम्प्युटरवर मी एकदा पाहिलं, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये खालपर्यंत आधार, पासबुकं, गुणपत्रिका, कुणाच्या तरी गरोदरपणाची सोनोग्राफी. पोरगा चांगला आहे. म्हाताऱ्यांकडून पैसे घेत नाही. मी त्याला ते फोल्डर रोज संध्याकाळी रिकामं करायला सांगितलं. ‘हो ताई’ म्हणाला आणि माझ्यासमोर केलंही. रिसायकल बिन राहिली ती मी केली.

सहीचं मोल आपल्या भाषेला जुनं ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा असायची आणि मजकूर संपला की खाली छोटी मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा झाली, याखाली कुणी काही जोडू नये. केवढा विचार आहे त्यात! पुस्तकातल्या फोटोत ती मोर्तब बघताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याने शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेची भीती ओळखली होती. पण मोर्तब तळ राखते, मधलं अक्षर राखत नाही. १७७३च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ करून ‘ध’चा ‘मा’ केला गेला अशी आख्यायिका आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. खरं-खोटं इतिहासकार बघतील. पण आज मेलवर मी जी सही करते ती तळाशी नसते, अक्षराअक्षरात भिनलेली असते. एक अनुस्वार हलला तरी ताडून बघणाऱ्याला सही मोडलेली दिसते. अर्थात, कुणी ताडून बघितलं तर. हुकूम हातात पडलेल्या गारद्यांनी सही मोडली आहे का हे थांबून बघितलं असतं, असं काही मला वाटत नाही.

ताडून बघणं. इथे मला वडील आठवतात.

वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. चेकवर दोन सह्या लागत, चेअरमनची आणि सचिवाची. चेअरमन आण्णा, कपाळाला कायम बुक्का, दर आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. मी चौथीत असताना एका रात्री ते आमच्या ओसरीवर आले. पेरणीच्या कर्जाचे चेक निघायचे होते आणि ते उद्या निघणार होते. कंदिलाच्या उजेडात त्यांनी चेकबुक ओढलं आणि म्हणाले, आण भास्करा (वडिलांना ते लाडाने सूर्यनावांनी हाक मारायचे, रोज वेगळ्या), सहा करून ठेवतो कोरे, तू भर तुला लागतील तसे. वडिलांनी चेकबुकावर हात ठेवला. ‘आण्णा, कोऱ्यावर नको.’ आण्णा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा खरंच म्हणतोय. ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही असं कुणी म्हणतंय का?’ ‘तुमचा आहे, म्हणूनच नको.’ आईने आणलेला चहा आण्णांनी घेतला नाही. त्यांच्या चपलांचा आवाज पांदीपर्यंत ऐकू येत होता.

आठ-दहा दिवस चेक तसेच राहिले. पाऊस झाला. एक शेतकरी रोज सकाळी येऊन ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहायचा, काही बोलायचा नाही. शेवटी त्याने खतासाठी सावकाराकडून पैसे उचलले. ते वडिलांना बाजारात कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सकाळी चेकबुक पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन, एसटीने फलटणला निघाले. पालखीचा मुक्काम तिथे होता. मला आठवतो तो चिखल, ओल्या तंबूंच्या दोऱ्यांना अडखळणं, तीन दगडांच्या चुलींवर पिठल्याचा वास, आणि कुठूनतरी सतत येणारा टाळांचा आवाज. दिंडीचा नंबर विचारत विचारत आम्ही दोन तास फिरलो. आण्णा एका ट्रंकेवर बसून पायाला तेल चोळत होते. वडिलांना बघून उठलेच. वडिलांनी पिशवीतून चेक काढले : नावं भरलेली, रकमा अंकी-अक्षरी भरलेल्या, तारखा भरलेल्या. आण्णांनी ट्रंकेच्या झाकणावर ठेवून एकेक वाचला. चौथ्याला थांबले. ‘ह्याला एवढंच? ह्याची विहीर झालीय की औंदा. क्षेत्र बघ परत.’ वडिलांनी वही काढली, बघितलं, आणि मान हलवली. चूक वडिलांची होती. तो चेक रद्द करून तिथेच दुसरा लिहिला. सह्या करताना आण्णांच्या अंगठ्याचा बुक्का एका चेकच्या कोपऱ्याला लागला. दुसऱ्या दिवशी बँकेत कॅशियरने नमुना सहीचं कार्ड काढून सगळे ताडून बघितले, त्या काळ्या डागावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारलं, आणि वडील म्हणाले, ‘बुक्का.’ कॅशियरने बोट कपाळाला लावलं आणि पैसे दिले.

सावकाराचं व्याज मात्र त्या शेतकऱ्याने दोन वर्षं फेडलं. वडिलांनी त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, आण्णांच्या कोऱ्या सह्या घेतल्या असत्या तर? ते बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

एसटीतल्या त्या दिवसानंतर महिन्याने मी सांगलीला गेले आणि टोकन परत मागितलं. वाक्य मी वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. तोंडातून आलं ते असं : ‘भाऊ, माझं ते टोकन मी घेऊन जाऊ का?’ भाऊंचा हात खणावर थांबला. ‘ताई, काही चुकलं का?’ मी नाही नाही म्हणत राहिले. नियम तसा आहे, माझ्याच नावावर आहे, तुमच्यावर जोखीम नको. खरंच तीही बाजू होती. उद्या कुणाच्या सहीचं काही झालं तर पहिलं बोट त्या डब्याकडे आणि डबा ज्यांच्या खणात त्यांच्याकडे जाईल. पण ते माझं ऐकत नव्हते. त्यांनी डब्यातून टोकन काढलं, नखाने चिकटपट्टी सोलली, चिकटा राहिला तो रुमालाने पुसला, पट्टीची बारीक गोळी करून खिशात टाकली, आणि टोकन दोन्ही हातांनी दिलं. प्रसाद देतात तसं. दादाचा रात्री फोन आला. ‘एवढ्यासाठी? त्या माणसाला वाईट वाटलं गं.’ मला माहीत होतं. घरी मी पिन बदलला, लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर बसवायला दोन संध्याकाळी घालवल्या, आणि टोकन काकूंनी दिलेल्या चांदीच्या डबीत, किल्लीच्या कागदी प्रतीशेजारी ठेवलं. ती डबी उघडताना दर वेळी भाऊंचं नख आठवायचं.

ऑक्टोबरअखेर वार्षिक फॉर्म होते. लॅपटॉपवरून सही होईना. काय अडत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुदतीला दोन दिवस. मी सकाळच्या गाडीने सांगलीला गेले. ऑफिसात गर्दी होती, फायलींचे ढीग जमिनीवर, कुणीतरी प्रिंटरला थापट मारत होतं. भाऊ उठले आणि आपली खुर्ची मला दिली. मी टोकन खोचलं. पडद्यावर फॉर्म उघडला तशी त्यांनी सवयीने सहीच्या जागेकडे माउस नेला, मग थांबले आणि माउस सोडला. मी वरपासून वाचायला लागले. कंपनीचं नाव, पत्ता, दादाचं नाव, माझं नाव, ताळेबंदाची तारीख. अकरा पानं होती. दोन ठिकाणी मी अर्थ विचारला, त्यांनी सांगितला. सातव्या पानावर एक आकडा मी बोटाने दाखवला, त्यांनी फाईल उघडून बघितली, आकडा बरोबर होता. चहा आला, तो टेबलावर थंड होत राहिला. शेवटी पिनचा चौकोन आला. माझी बोटं कीबोर्डवर गेली तसे भाऊ वळले आणि पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. कॅलेंडरवर बघण्यासारखं काही नव्हतं. महिना संपत आला होता.

‘ताई, झालं?’ त्यांनी न वळताच विचारलं.